वेगळं ताट : जालना जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला काय खाऊ घालावं, हा प्रश्न आपल्याकडे त्या एका माणसापुरताच विचारला जातो. त्याचं पथ्य, त्याचा डबा, त्याची बिनतेलाची भाजी. पुढे ज्या घराबद्दल लिहिते आहे तिथेही हेच झालं, आणि चार महिने त्या घराची जी ओढाताण झाली तिचं मूळ मला तिथेच दिसलं. मी परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. हे कुटुंब आमच्याच मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं. त्यांच्या संमतीने लिहिते. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही.

घर अंबडकडच्या बाजूचं. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेलची वस्ती वसवली, तेव्हापासून या भागात ख्रिस्ती घरं आहेत. याही घरातली चौथी पिढी आता चर्चला येते. माणसं सहा: मामा (वय ५२), मामी, मामांची आई, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. थोडी कोरडवाहू जमीन, तीत कापूस आणि सोयाबीन. शिवाय मामा टेम्पो चालवत. तंबाखू-चुना तरुणपणापासून.

झटका आणि कागद

फेब्रुवारीच्या अखेरीस एका पहाटे मामांची छाती जड झाली, कळ जबड्यापर्यंत गेली, अंग घामाने भिजलं. रात्री मटण झालं होतं, म्हणून पित्त समजून सोडा प्याले आणि उजाडेपर्यंत पडून राहिले. मुलाने १०८ ला फोन लावला तेव्हा तीन-चार तास निघून गेले होते. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसला. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग ४५ टक्क्यांवर आलं. वाया गेलेल्या वेळेची ती किंमत होती. छातीत दाब, घाम, आणि कळ हात-जबड्याकडे जात असेल तर पित्ताचा विचार नंतर करावा, आधी गाडी बोलवावी. हे मी आमच्या मंडळीत प्रत्येक घरी सांगते.

घरी येताना सोबत गोळ्या होत्या: रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, रक्तदाबासाठी रॅमिप्रिल. आणि आहाराचा एक छापील कागद. त्यावर ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली, अक्रोड, सालमन मासा. शेवटी एक ओळ, मीठ व तेल कमी. कागद खोटा नव्हता. पण अंबडच्या आठवडी बाजारातून येणाऱ्या पिशवीत त्यातलं काहीच नव्हतं, आणि जे सगळ्यात कामाचं होतं ते एका ओळीत उरकलं होतं.

मुलाने जालन्याहून ओट्सचे डबे आणले. मामींनी दुधी उकडायला सुरुवात केली. मामांचं जेवण संध्याकाळी सातला: उकडलेली भाजी, पातळ वरण, बिनमिठाचे दोन फुलके. बाकीचे नऊला बसायचे आणि त्यांच्या पातेल्यात काहीच बदललं नव्हतं. पलीकडच्या खोलीत पडलेल्या माणसाला फोडणीचा वास जात होता.

या घरात रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थनेची जुनी रीत आहे. सगळे बसल्यावर एकजण प्रार्थना करतो, मग ताटाला हात. आता सातच्या ताटावर कोणी प्रार्थना करेना. मामींनी एकदा म्हटलं तर मामा म्हणाले, "हे काय जेवण आहे का? औषध आहे. औषधावर काय प्रार्थना करायची."

मे महिन्यापर्यंत मामा अर्धं ताट सारून देत होते आणि दुपारी स्टँडवर मित्रांसोबत भजी आणि खारी शेव खात होते. ताटात उरलेलं मामी खायच्या, वर आपलंही जेवायच्या. दोन-दोन स्वयंपाक करून त्या थकल्या होत्या. वजनात मामांचं काही कमी झालं नव्हतं, मामींचं वाढलं होतं.

गोळ्या आणि विश्वास

याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. एका घरगुती प्रार्थनासभेत बाहेरगावच्या कोणीतरी मामांना सांगितलं की प्रभूने तुम्हाला बरं केलंय, मग गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. मामांनी आठवडाभर गोळ्या बंद ठेवल्या. स्टेंट नवा असताना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस जाऊ शकतो, म्हणून हे कळताच मी पाळकसाहेबांना, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, घेऊन मामांच्या घरी गेले.

पाळकसाहेब वाद घालत बसले नाहीत. त्यांनी बायबलच्या जुन्या करारातली हिज्कीया राजाची हकिगत वाचली. राजा मरणाला टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकलं आणि पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं. वचन मिळाल्यावरही यशया संदेष्ट्याने काय सांगितलं? अंजिरांचा लेप करून गळवावर लावा. मामांनी त्याच रात्री गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून खंड पडल्याचं सांगितलं.

माझी स्वतःची श्रद्धा आहे की देव बरं करतो. गोळी बनवणाऱ्याची बुद्धीही त्याचीच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान दुसऱ्याच्या गोळ्यांना हात लावू नये.

मामींना सुचलेलं

जूनमधल्या एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, होता; तेव्हा बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचला गेला. करिंथच्या मंडळीत जो तो आपलं जेवण आधी उरकायचा, एक उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र. पौल त्यांना रागावतो आणि शेवटी सांगतो की जेवायला एकत्र येता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. उपासना संपल्यावर मामी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या घरी कोणीच कोणासाठी थांबत नाही. यांना सातला वाढते आणि आम्ही नऊला चमचमीत खातो. हे बरं नाही. पण सगळ्यांना उकडलेलं घालू का?"

प्रकरणाला वळण मिळालं ते या प्रश्नाने, आणि तो मामींचा होता. सगळ्यांना उकडलेलं नको. सगळ्यांचं एकच असावं, आणि ते चवीचं असावं.

मामा काय खातात ते मी विचारलं नाही. मी किराणा दुकानाची उधारीची वही मागितली. घराचा आहार त्या वहीत असतो, कारण माणूस तोंडाने सांगताना कमी सांगतो. महिन्याला सोयाबीन तेलाची एक लिटरची आठ पाकिटं. मिठाचे दोन किलो. खारी आणि टोस्ट दर आठवड्याला. फरसाण, पापड. बाजारातून सुकट आणि खारे बोंबील, ते वेगळे.

हिशोब साधा आहे. आठ लिटर, सहा माणसं, तीस दिवस: माणशी रोज ४४ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ नऊ चहाचे चमचे. निम्म्यावर आणलं तर ठीक. मीठ दोन किलो म्हणजे माणशी रोज ११ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली आहे. काही मीठ सांडतं, काही पाण्यासोबत जातं हे खरं, पण लोणचं, पापड, शेव आणि सुकटीतलं मीठ या दोन किलोत धरलेलंच नाही.

मग मी यंत्र काढून सगळ्यांचा रक्तदाब मोजला. मामांचा गोळीवर १२८/८०. मामींचा १५८/९६, त्यांनी आयुष्यात कधी मोजला नव्हता. २९ वर्षांच्या मुलाचा १४२/९०. हे दोन्ही आकडे जास्तीचे; नंतर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजले, तेवढेच आले. बापाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर मुलाला धोका जास्त असतो. त्यातून दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो. आजारी माणूस एक आणि निरोगी माणसं पाच, ही या घराची समजूतच बरोबर नव्हती. एकाच पातेल्यातलं सगळे वर्षानुवर्षं खात होते. मामांचं हृदय आधी बोललं एवढंच.

आजींचं म्हणणं

मला वाटलं होतं की अडचण मुलाची येईल. अडून बसल्या आजी.

"त्या सालात मिलो खाल्ला आम्ही," त्या म्हणाल्या. "खडी फोडली, सुकडी खाल्ली. आता देवानं दिलंय तर तेल बी मोजून घ्यायचं का?"

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडून मिळणारा अमेरिकेतून आलेला लाल मिलो, मुलांना वाटली जाणारी सुकडी. आजी तेव्हा नव्या सुनेच्या वयाच्या होत्या. त्यांच्या लेखी भाकर, कण्या, रानातली भाजी आणि कोरडी चटणी हे काही नसतानाचं खाणं. गव्हाची घडीची पोळी, रश्श्यावर बोटभर तर्री आणि पाहुण्यासमोर तळलेलं काहीतरी, हे त्या काळातून बाहेर आल्याची खूण. आपल्याकडची कितीतरी घरं अशीच वर आली आहेत. जी घरं भूक पाहून आली, चर्चमध्येही खालच्या बाजूला बसवली गेली, त्यांच्या बायका तेलाला हात आखडत नाहीत त्यामागे अभिमान आहे. तो मोडून आरोग्य साधता येत नाही. "आपलं जुनं अन्नच कसं थोर" हे शहरातून सांगितलं जातं तेव्हा मला या आजी आठवतात. जुनं अन्न त्यांनी निवडलं नव्हतं.

म्हणून मी त्यांना जुन्याकडे परत चला असं म्हटलं नाही. म्हटलं, आजी, तेव्हा भाकरीसोबत काही नव्हतं. आता भाकरीसोबत दाट आमटी असेल, उसळ असेल, दही असेल, मोसंबी असेल. आणि हे करायला तुमच्याशिवाय कोणाला येतं? सुनेला भाकरी थापता येत नाही.

त्या लगेच काही बोलल्या नाहीत. आठवड्याभराने सुनेचा फोन आला: आजींनी ज्वारी दळून आणायला लावली आहे.

एका पातेल्यात

सगळ्यात मोठा फरक भाकरीने पडला, आणि त्याचं कारण अगदी रोकडं आहे. घडीच्या पोळीला तेल लागतं, भाकरीला थेंबही लागत नाही. रोजच्या अठरा पोळ्यांना अर्धा-अर्धा चमचा धरला तरी महिन्याला सव्वा लिटरहून जास्त तेल नुसत्या पोळ्यांत जातं. शेतात कापूस-सोयाबीन आल्यापासून या घरात ज्वारी पिकत नाही, रेशनला गहू-तांदूळ मिळतो, म्हणून भाकरी मागे पडली होती. आता रात्री भाकरी, सकाळी पोळी. भाकरीने पोट लवकर भरतं, मामांचं रात्रीचं खा-खा थांबलं.

तेलाला नियम एकच: आठवड्याला एक पाकीट. सोमवारी फोडायचं, रविवारपर्यंत पुरवायचं. चमचे मोजायचे नाहीत, माणशी २४ मिलिलिटरच्या आसपास आपोआप बसतं. तेल बदलायला मी सांगितलं नाही. सोयाबीन चालतं, करडईचंही चालतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईच्या जाती काढल्या तो हाच मुलूख, आणि घाण्याचं करडई तेल अजून मिळतं. पण करडई चांगली म्हणून दोन डाव जास्त ओतले तर ती चांगली राहत नाही. ऑलिव्हची तर गरजच नव्हती.

तर्रीशिवाय आमटीला अंग कसं आणायचं? उत्तर आजींच्या डब्यात होतं: येसर. भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाल्याची ही पूड घातली की आमटी तेलाशिवाय दाट होते. वाटणाचा कांदा तेलात परतण्याऐवजी तव्यावर कोरडा भाजायचा. सुकं खोबरं निम्मं करून त्या जागी भाजलेले तीळ, कारण खोबऱ्यातली जवळजवळ सगळी चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, असते. मटकी आणि हुलग्यांची उसळ आलटून पालटून. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, अंबाडी, चुका बांधावरच होतं. आंबट भाजीला मीठ कमी लागतं, अंबाडीत तर निम्म्या मिठात भागतं. जवसाची चटणी रोज एक चमचा. जवसात ओमेगा-३ गटातली, हृदयाला चांगली समजली जाणारी चरबी भरपूर असते, आणि सालमन आपल्याकडे येत नाही.

मीठ एकदम तोडलं नाही. दर दोन आठवड्यांनी थोडं कमी केलं. जीभ महिना-दीड महिन्यात सरावते. महिन्याला माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे या घराला एक किलोहून थोडं कमी, हा पल्ला. लोणच्याची बरणी ताटाजवळून उचलून फडताळात गेली. सुकट महिन्यातून एकदा, तीही दोन पाण्यांनी धुऊन. नातेवाइकांनी सैंधव आणून दिलं होतं, तेही सोडियमचंच मीठ आहे, त्याने रक्तदाब कमी होत नाही. आणि 'कमी सोडियम'चं म्हणून मिळणारं मीठ मी मामांना घेऊ दिलं नाही: त्यात पोटॅशियम असतं आणि रॅमिप्रिल घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

चहासोबतची खारी सुटायला सगळ्यात वेळ लागला. खारीत पडणाऱ्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण खारीतली बाकीची चरबी आणि मीठ कुठे गेलं नाही. तिच्या जागी फुटाणे आले. मामा अजून कुरकुरतात.

रविवारचं मटण बंद करा असं मी म्हटलं नाही. उपासनेनंतर घरी रस्सा शिजतो, लेकी-जावई येतात, तो त्यांच्या आठवड्याचा आनंद आहे. महिन्यातून दोन रविवार मटण, चरबी काढून; वजडी नाही. उरलेल्या रविवारी पैठणच्या नाथसागराकडून येणारा रोहू किंवा मरळ, तव्यावर किंवा निखाऱ्यावर. पुनरुत्थानानंतर प्रभू येशूने समुद्राकाठी शिष्यांसाठी कोळशाच्या विस्तवावर मासे आणि भाकर तयार ठेवली होती, आणि त्यांना न्याहारीला बोलावलं होतं. नातवाला ही गोष्ट संडे स्कूलमध्ये सांगितलेली. मासा निखाऱ्यावर टाकायचं त्याने लावून धरलं.

जेवण आता आठला, सगळ्यांचं. गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून त्याला जुळवून घेतली. प्रार्थना नातू करतो, बरीच लांब करतो, बैलांची नावं घेतो. मामा डोळे मिटून बसतात.

मंडळीत

गुरुवारची प्रार्थनासभा घरोघरी फिरते. सभेनंतर गरम भजी, चिवडा, गोड चहा. मामींची पाळी आली तेव्हा त्यांनी मटकीची उसळ आणि मोसंबीच्या फोडी ठेवल्या. जालन्याची मोसंबी नावाजलेली, तरी दोन-तीन बायकांची तोंडं वाकडी झाली, पाहुणचार कमी पडला म्हणून. महिला मंडळात यावर बोलणं झालं. एकीने बायबलमधल्या मार्थेची आठवण काढली, प्रभू घरात बसलेला असताना वाढण्याच्या धांदलीत गुंतलेली. ठराव वगैरे झाला नाही. काही घरांनी भजी सोडली, काहींनी नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसते, आणि पहिल्याच दोन खेपांना ज्यांना काही माहीत नव्हतं असे सातजण वरच्या आकड्यांचे निघाले. पाळकसाहेब त्यात एक होते.

आकडे, आणि जे झालं नाही

डिसेंबरच्या तपासणीत मामांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८ वरून ६४ वर आलं होतं. झटका येऊन गेलेल्यांसाठी ते निदान सत्तरच्या खाली हवं असतं. ही घट मुख्यतः स्टॅटिनची आहे, भाकरीची नाही, आणि हे मी स्पष्ट लिहिते, कारण असे आकडे दाखवून गोळ्या सोडायला लावणारे लोक आहेत. स्वयंपाकाचं श्रेय मी दुसरीकडे देते: मामांचं वजन ८१ वरून ७६ किलो, स्टँडवरची भजी बंद, पंपिंग ५० टक्के, आणि एक पातेलं झाल्यापासून गोळ्या एकही दिवस न चुकता. मामींना डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी सुरू केली. गोळी आणि कमी मीठ मिळून १३६/८४ येतो. किराणाच्या वहीत तेल साडेचार पाकिटांवर, मीठ सव्वा किलोवर. दीडशे ग्रॅमचा पल्ला अजून गाठलेला नाही.

मामांनी तंबाखू सोडली, नाताळात चारचौघांत पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. मुलगा गुटखा सोडायला तयार नाही. जेवणात तो सगळ्यांसोबत आहे, पण नुसत्या जेवणाने त्याचा धोका जाणार नाही, आणि हे त्याला माझ्यापेक्षा मामांनी सांगितलेलं जास्त लागतं. ते सांगतात. भांडणं होतात.

खरा पेच उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये या गावाला टँकरने पाणी येतं, बांधावर काही हिरवं राहत नाही, बाजारात मेथीची जुडी परवडत नाही. मग ताटात पुन्हा सांडगे, खारवड्या, पापड, लोणचं, सगळं मिठाचं. गेल्या हिवाळ्यात आजींनी अंबाडीचा पाला आणि मेथी मीठ न लावता सावलीत वाळवून डब्यांत भरली. सांडगे या वर्षी निम्म्या मिठात घातले, ते टिकतात का हे पावसाळ्यापर्यंत कळेल. मोरीचं पाणी सोडून मागच्या अंगणात शेवग्याची दोन झाडं लावली आहेत. शेवग्याला पाणी कमी लागतं आणि पाला उन्हाळ्यातही फुटतो. एक झाड जगलं आहे.